अठराव्या दिवसापर्यंतचं दही

माझी मुलगी नेमकं काय करते, असं गेली चार वर्षं लोक मला विचारतात. पहिली दोन वर्षं मी उत्तर टाळत होतो. लग्नाच्या मांडवात, कारखान्याच्या गेटवर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही विचारलं की ‘पीएचडी करतीय’ एवढं म्हणून विषय बदलायचो. आता टाळत नाही. विचारणाऱ्याला बसवून घेतो आणि पूर्ण सांगतो. ऐकायचं नसेल तर त्यानं विचारू नये.

ती गणित करते. प्रयोगशाळेत जात नाही, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत नाही, तिच्या टेबलावर कागद, पेन आणि एक लॅपटॉप असतो. विषय मात्र माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंचा. तिथं शेकडो जाती एकत्र राहतात. कोण कुणाचं अन्न पळवतं, कुणाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या पोटात जातो. शंभर जाती धरल्या तर प्रत्येकीचा उरलेल्या नव्व्याण्णवांवर काय परिणाम होतो याचे नऊ हजार नऊशे आकडे लागतात. तेवढे मोजून कुणी देणार नाही. मग हे लोक ते आकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे घेतात आणि विचारतात, आकडे कुठलेही निघाले तरी काय खरं राहील? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. तीन दिवस तिच्याशी भांडलो आणि मग लक्षात आलं की एक एक दाणा न मोजता पोत्याबद्दल खात्रीनं बोलता येतं, हे तर मी रोज करतो.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत साच्याची वाळू आणि ओतलेला माल तपासतो. सव्वीस वर्षं झाली. म्हणून तिनं धातूचं उदाहरण दिलं तेव्हा मला लवकर समजलं. एका धातूत दुसऱ्याचे कण विखरून मिसळले की काही अणूंना शेजाऱ्यासारखं तोंड करायचं असतं, काहींना शेजाऱ्याच्या उलट. सगळ्यांचं मन राखता येत नाही. असा तुकडा थंड केला तर तो एकाच ठरलेल्या स्थितीत जाऊन थांबेल, की कसा थंड केला त्याप्रमाणं वेगवेगळ्या? फिजिक्सवाल्यांनी यासाठी फार पूर्वी गणित रचलं. तेच गणित आता जीवाणूंना लावतात. मुलीचा प्रश्न असा की, दोन ठिकाणी वेगवेगळे जीवाणू घेऊन सुरुवात केली आणि दोघांना सारखंच अन्न, सारखीच ऊब दिली, तर शेवटी दोन्हीकडं एकच मेळ बसतो का? म्हणजे सुरुवातीची खूण पुसली जाते की कायम राहते? तिचं गणित म्हणत होतं, परिणामांचे आकडे एकमेकांपासून फार लांब नसतील तर पुसली जाते. एका हद्दीपलीकडं गेले की राहते.

याचा उपयोग काय, असं माझा मेव्हणा विचारतो. तो कागलला असतो, बायकोचा थोरला भाऊ. घरी बारा म्हशी.

“दाजी, पोरगी हुशार हाय, आमाला म्हाईत हाय. पर ह्येनं कुणाचं पोट बरं हुतंय का?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. प्रश्न खरा आहे, उत्तर माहीत नाही. एवढं पुरतं.”

“तुमाला पुरतंय,” तो म्हणाला. “पगार हाय न्हवं तुमचा.”

मी त्याच्यावर रागावत नाही. पण उपयोग सांगितला तरच मुलीचं काम खरं, हे मी मान्य करणार नाही. त्यानं आधी मला पटवावं की माणसानं म्हशी पाळून दूधच का काढावं.

मागच्या मे महिन्यात मुलगी दहा दिवस घरी आली. ऑगस्टमध्ये तिच्या समितीसमोर तिला उभं राहायचं होतं. समितीनं काम पुरेसं मानलं तर पुढची दोन वर्षं मिळणार, नाही तर संस्था सोडायची, असं साधारण. ती येताना काळजीत होती. तिचे सर तिला म्हणाले होते की गणित चांगलं आहे पण समितीत जीवशास्त्राचे दोघं आहेत, त्यांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं.

सकाळी मी दही लावत होतो. आमच्याकडं दही मी लावतो, कारण माझी दुसरी पाळी असते आणि सकाळ मोकळी. बायको बालवाडीत शिकवते, ती साडेसातला जाते. विरजण आमच्या लग्नातलं आहे, म्हणजे तिच्या माहेरून आलेलं. तीस वर्षं ते अखंड चाललंय. ते कधी संपू द्यायचं नाही, हा या घरातला नियम. बायको गावाला गेली तरी फोनवर आधी मुलांचं नाही, विरजणाचं विचारते. तेही मला कायम मान्य होतं.

मुलगी डब्याकडं बघत म्हणाली, “पप्पा, शेजारच्या अक्का अजून रुपया टाकूनच दही लावतात का?”

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या जैन बाई, सत्तरीच्या आतबाहेर. सोवळ्याओवळ्याच्या नव्हे, पण नियमाच्या कडक. त्यांच्यात कालचं दही आज चालत नाही, आणि जे चालत नाही त्याचं विरजण तरी कसं चालेल? म्हणून त्या रोज दूध तापवून, कोमट करून त्यात चांदीचा रुपया आणि करवंटीचा एक तुकडा टाकतात आणि दही नव्यानं, शून्यातून लावतात. म्हणजे आमच्या भिंतीच्या एका बाजूला तीस वर्षांचं दही आणि दुसऱ्या बाजूला रोज जन्मणारं. दोन्हीकडं दूध एकाच गवळ्याचं.

मी मुलीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दोघांना एकदमच सुचलं.

ती लगेच म्हणाली, “पण पप्पा, दह्यात जाती थोड्या असतात. माझं गणित पुष्कळ जातींचं आहे. हा पुरावा नाही होणार. फार तर उदाहरण.”

“उदाहरण तर उदाहरण,” मी म्हणालो. “पण नीट.”

मी अक्कांकडं गेलो आणि काय करायचंय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे माझं दही तुम्ही रोज पुढं पुढं चालवणार?”

“हो.”

“महिनाभर?”

“जास्तच.”

“मग भाऊ, उंबऱ्याच्या आत असेपर्यंत ते माझं. बाहेर गेलं की पाप तुमचं.” आणि वाटी झाकून देताना म्हणाल्या, “आणि पुन्हा लागलं तर दिवस मावळायच्या आत या. नंतर मी दार उघडीन, पण दही देणार नाही.”

दोन सारखे स्टीलचे डबे घेतले. आमच्या विरजणाच्या डब्याला लाल ऑइलपेंटचा ठिपका, अक्कांच्या डब्याला निळा. रोज सकाळी एकाच पातेल्यात दूध उकळायचं, बेचाळीस अंशांवर आलं की दोन डब्यांत अर्धा अर्धा लिटर, लालमध्ये कालच्या लालचा एक सपाट चमचा, निळ्यात कालच्या निळ्याचा. चमचे वेगळे, तेही रंग लावलेले. दोन्ही डबे औषधं येतात तसल्या थर्माकोलच्या खोक्यात, मध्ये गरम पाण्याची बाटली. सहाला लावायचं, बाराला आंबटपणा मोजायचा. त्यासाठी मी एक छोटं मीटर विकत घेतलं. ते दशांशाचे दोन आकडे दाखवतं, मी एकावरच विश्वास ठेवतो. आकडा जेवढा खाली तेवढं दही आंबट. मोजून झालं की दोन्ही डबे फ्रिजमध्ये, आणि मी कामावर. आदल्या दिवशीचं उरलेलं दही जेवणाला.

पहिल्या दिवशी लाल ४.४, निळं ५.१. अंतर ०.७. चव बघितली तर आमचं आंबटढाण आणि अक्कांचं मऊ, दुधाकडं झुकणारं. मुलगी पाचव्या दिवशी परत गेली. मी रोज दुपारी तिला दोन आकडे पाठवत होतो. ती ‘पोचले’ एवढं लिहायची. अंतर हळूहळू कमी होत होतं. सातव्या दिवशी ०.५, बाराव्या दिवशी ०.४, पंधराव्या दिवशी ०.३. अठराव्या दिवशीही ०.३.

एकोणिसाव्या दिवशी दोन्ही ४.४.

मी पुन्हा मोजलं. मीटर धुऊन, पुसून पुन्हा. ४.४ आणि ४.४. विसाव्या दिवशी तेच, एकविसाव्या दिवशी तेच. तिसाव्या दिवसापर्यंत दोन्ही रेघा एकमेकींवर बसून राहिल्या.

इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती लपवली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. जो आकडा रोज थोडा थोडा सरकतो, चार दिवस जागचा हलत नाही आणि मग एका रात्रीत उडी मारतो, तो आकडा कारखान्यात माझ्यासमोर आला असता तर मी ती लाइन थांबवली असती. सहा माणसांना विचारलं असतं. काट्यापासून वाळूच्या ओलीपर्यंत सगळं उलटं केलं असतं. घरी मी तसं केलं नाही. मी मुलीला फोन केला आणि ओरडलो, “जुळलं!” आणि ती तिकडं ओरडली. आणखी एक. एकोणिसाव्या दिवशी सकाळी निळा डबा उघडला तेव्हा दह्याचा वरचा थर सपाट, अभंग होता. आदल्या दुपारी मी त्यातूनच मोजायला दही काढलं होतं. तिथं चमच्याचा खड्डा असायला हवा होता. खड्डा नाही, हे मला दिसलंच नाही. मला जे बघायचं होतं ते मीटरवर होतं.

सरांनी आलेख बघितला. आधी ते ‘किचन सायन्स’ म्हणाले होते. आता म्हणाले, हा पहिल्या पानावर घे. मुलीनं मला तो आलेख पाठवला. लाल रेघ, निळी रेघ, एकत्र येणाऱ्या, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘मोजमाप: माझे वडील’. मी तो कारखान्यात दाखवला. न्हाव्याला दाखवला. मेव्हण्याला मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उपयोग विचारत होता ना?’ हेही माझं चुकलंच. उपयोग विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही असं मीच ठरवलेलं, आणि पहिली संधी मिळताच फुशारकी मारली.

समितीच्या तारखेच्या तीन दिवस आधी मेव्हणा कोल्हापुरात कामाला आला होता, तो दुपारी घरी टेकला. सोमवार होता, कारखान्याला सुट्टी. बायकोही तोवर बालवाडीतून आली होती. चहा घेता घेता तो आलेखावर आला.

“दाजी, त्यात ती निळी रेघ हाय न्हवं, ती निळ्या टिक्क्याच्या डब्याची का?”

“हो. तुम्हाला काय माहीत निळा टिक्का?”

“म्हाईत नसायला काय झालं? आमीच संपीवला की तो. त्या ऐतवारी मटणाला. काय दही व्हतं दाजी! घट्ट, गोड, आंबट म्हणून न्हाय. पोरांनी डबा चाटून पुसून ठेवला.”

मी कप खाली ठेवला. “कुठल्या रविवारी?”

“तुमी कामावर व्हता. आमी अचानक आल्तो की, आंबाबाईला जाऊन.”

मी वही आणली. अठरावा दिवस, रविवार.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काही लपवायचं नव्हतं, हे मला आधी सांगू दे. तिनं ते लक्षात ठेवण्यासारखं काही केलंय, असंच तिला वाटत नव्हतं.

“निळा डबा संपला होता?” मी विचारलं.

“व्हय. संध्याकाळी ही सहा माणसं आली. घरात मटण शिजतंय आणि दहीकांदा न्हाय?”

“मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात दही कुठून आलं?”

“लावलं की मी. दूध कोमट केलं, लालमधलं चमचाभर घेतलं आणि लावलं. रातभर ओट्यावर राहिलं, पहाटे उठल्याबरोबर आत ठेवलं. तुमचं खंडायला नगं म्हणून.”

मी वहीतली एकोणिसाव्या दिवसाची ओळ तिच्यापुढं धरली. तेवढ्यात तिला कळलं. ती हुशार बाई आहे. पण कळलं म्हणून ती खाली बघून गप्प बसली नाही.

“हे बघा,” ती म्हणाली, “असं माझ्याकडं बघू नका. मी काय करायला पायजे व्हतं? दादाला सांगू, की मटणासंगट दही मिळायचं न्हाय, तुझ्या भाचीचं गणित फ्रिजमधी गार व्हायला ठिवलंय?”

“लाल का नाही संपवलंस?”

“लाल?” तिचा आवाज चढला. “घरचं विरजण संपवू? तीस वर्षांचं? माझ्या आईनं दिल्यालं? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?”

मी डब्यांना रंग लावले, चमच्यांना रंग लावले, खोक्यातली ऊब अर्ध्या अंशापर्यंत सांभाळली, आणि तिला एका शब्दानं सांगितलं नाही की निळं संपवायचं नाही. का सांगितलं नाही? कारण लाल संपवायचं नाही हे तिला सांगावं लागत नव्हतं आणि मला वाटलं, हेही तसंच. तिच्या घरातल्या नियमात एकच दही राखायचं होतं. दुसरं खायचं होतं. तिनं नियम पाळला.

मेव्हणा आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

“म्हंजे एकोणिसाव्या दिवसापासनं दोन्ही डब्यात एकच दही?”

“एकच.”

“म्हणून रेघा जुळल्या?”

“म्हणून.”

तो हसला नाही. त्याला मुलीची काळजी होती, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. थोडा पुढं सरकून म्हणाला, “दाजी, आता एक ऐका. हे आपल्या तिघांतच हाय. पोरीचं दोन वर्षांचं काम अडकलंय ह्येच्यात. कोण बघायला येतंय तुमचा फ्रिज? गप बसा. मी पर गप बसतो.”

“पावणं,” मी म्हणालो, “तुम्ही दुधात पाणी घालत नाही. कधीच घातलं नाही. का?”

“त्ये येगळं हाय.”

“वेगळं नाही.”

“त्येला मशीन हाय डेअरीत,” तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, “तसं न्हवं. मशीन नव्हती तवा बी घातलं न्हाई.”

मी मुलीला फोन लावला. बायको म्हणाली, “मी सांगते, चूक माझी हाय.” मी म्हणालो, “तुझी नाही. आकडा माझा आहे.”

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “पप्पा, तो आलेख पहिल्या पानावर आहे. सरांनी तो समितीला आधीच पाठवलाय.”

“मग मागं घे.”

“तीन दिवस राहिलेत.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला सोपं आहे म्हणायला,” ती म्हणाली. “तुम्हाला तिथं उभं राहायचं नाही.”

ते खरं होतं. मला उभं राहायचं नव्हतं. पण खरं असलं तरी त्यानं एकोणिसावा दिवस खरा होत नव्हता. मी तिला म्हणालो, “तुझं गणित तुझं. त्यात मी एक शब्द बोलणार नाही, मला तेवढं येत नाही. पण हे आकडे मी मोजलेत. एकोणीस ते तीस, हे बारा दिवस मी मागं घेतोय. तू ठेवलेस तर माझं नाव काढून ठेव.”

तिनं फोन ठेवला. रात्री जेवायच्या आधी पुन्हा आला. ती सरांशी बोलली होती. सर आधी चिडले, मग त्यांनी मार्ग काढला. अठरा दिवस तर शुद्ध आहेत ना? ते दाखवायचे, आणि पुढं दोन रेघा एकत्र येताना ठिपक्यांनी काढायच्या. कल जवळ येण्याचाच होता. खोटं काही नाही.

“अठरा दिवस दाखव,” मी म्हणालो. “त्यावर माझी सही आहे. ठिपके नको.”

“पण पप्पा, कल तसाच आहे.”

“पंधरा, सोळा, सतरा, अठरा. चार दिवस ०.३. कल कुठं आहे?”

आकडे तिच्यासमोर होतेच. एवढ्या दिवसांत आम्ही दोघांनीही त्या चार दिवसांकडं नीट बघितलं नव्हतं, कारण त्यांच्यापुढं जुळलेले बारा दिवस होते. चांगल्या बातमीनं तिच्या आधीचं सगळं झाकून टाकलं होतं.

“ठिपके काढले नाहीत तर सर नाराज होतील,” ती म्हणाली. आता ती मला विचारत नव्हती. स्वतःशीच हिशेब लावत होती.

“होऊ देत की,” मागून बायको म्हणाली. फोन स्पीकरवर होता. “आनि त्यांना सांग, दही तुझ्या आईनं संपीवलं. पावणं आल्ते म्हणून. लाजायचं काय त्यात? माझं नाव घे खुशाल.”

गुरुवारी सकाळी समिती बसली. त्या दिवशी मी कामावर जायच्या आधी दोनदा देवघरापुढं उभा राहिलो, हे मी एरवी करत नाही. दुपारी पाळीवर असताना फोन घेता येत नाही, भट्टीजवळ तर नाहीच. चहाच्या सुट्टीत बाहेर येऊन बघितला तर तिचा लांब निरोप होता.

तिनं आलेख अठराव्या दिवशी तोडला होता. पुढं कोरा कागद. समितीतल्या एकानं विचारलं, हा इथं का थांबतो? तिनं सरळ सांगितलं. दोघं हसले. एक वयस्कर बाई होत्या जीवशास्त्राच्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, चमचा केवढा होता? मुलीनं सांगितलं, अर्ध्या लिटरला एक. त्या म्हणाल्या, मग एकदाच चमचाभर जाण्याऐवजी रोज चिमूटभर एका डब्यातून दुसऱ्यात गेलं असतं तर? किती मिसळलं की सुरुवातीची खूण पुसली जाते? मुलगी म्हणाली, गणितात ते घालता येतं, इतरांनी घातलेलंही आहे, मी अजून घातलेलं नाही. तिनं ‘मला माहीत नाही’ असं स्वच्छ सांगितलं. सरांचं तोंड पडलं होतं, असं तिनं लिहिलं होतं.

निकाल असा. दोन वर्षं मिळाली नाहीत. सहा महिने मिळाले. गणिताचा भाग मान्य, पण उदाहरणाशिवाय किंवा पूर्ण झालेल्या उदाहरणासकट पुन्हा यायचं.

मेव्हण्याला संध्याकाळी बायकोनं कळवलं. त्याचा मला फोन आला.

“म्हंजे नापास की हो दाजी.”

“नापास नाही. अपुरं.”

“त्येच ते.”

“तेच ते नाही,” मी म्हणालो. “नापास माल वितळवावा लागतो. अपुरा पुन्हा मशीनवर चढवतात. आणि पावणं, तुम्हाला सांगतो, गप्प बसून दोन वर्षं मिळाली असती तर मी ती घरी आली की तिच्या तोंडाकडं बघू शकलो नसतो. गप्प बसणंच बरं होतं, हे माझ्याकडून मान्य करून घ्यायचं असेल तर कागलहून दुसरा माणूस पाठवा.”

तो म्हणाला, “तुमचं नि तुमच्या बायकुचं डोकं एकाच विरजणातलं हाय,” आणि फोन ठेवला.

मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला. अक्कांकडं दही आहे का?

अक्का तेव्हा ऊन बघत दारातच बसल्या होत्या. पहिल्या वेळचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या, मग वाटी आणायला आत गेल्या. आता फ्रिजमध्ये तीन डबे असतात. लाल, निळा आणि एक बिनठिपक्याचा. तिसरा पावण्यांचा, तो बायकोनं स्वतः आणला आणि वरच्या कप्प्यात ठेवला. निळ्या डब्याच्या झाकणावर मी पट्टी चिकटवतो आणि तिच्यावर तारीख आणि सही. बायकोला याचा राग आला होता. “मी चोर हाय का?” म्हणाली. मी म्हणालो, पट्टी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. मागच्या खेपेला खड्डा न बघणारा मी होतो. ते तिनं ऐकून घेतलं, पण पट्टी तिला अजून आवडत नाही, आणि तिला ती आवडावी असा माझा आग्रह नाही.

आज या खेपेचा सत्तेचाळिसावा दिवस. पहिल्या दिवशी अंतर ०.७ होतं. सोळाव्या दिवशी ०.३ झालं. त्यानंतर एकतीस दिवस ते हललेलं नाही. चव बघितली तर डोळे मिटूनही सांगता येतं, कुठलं कुठलं. निळं अजून अक्कांचं आहे.

मला वाटतं रेघा जुळणार नाहीत. जुळल्या नाहीत तर मुलीचं उदाहरण तिच्या बाजूनं उभं राहणार नाही. दही तिच्या हद्दीच्या पलीकडचं असेल, किंवा इतक्या थोड्या जातींना ते गणित लागत नसेल, किंवा आणखी काही. ते तिनं शोधायचं. जानेवारीत समितीसमोर ती हे सगळं घेऊन जाणार आहे. जे आहे ते घेऊन. सरांना ते आवडणार नाही, आणि रेघा जुळल्या असत्या तर मलाही आवडलं असतं. मी बाप आहे. दुपारी बाराला मीटर बुडवताना रोज मला निळ्याचा आकडा थोडा खाली हवा असतो.

आज बाराला मोजलं. लाल ४.४, निळं ४.७. दोनदा मोजलं, तेच आलं. मी मुलीला दोन्ही आकडे तसेच पाठवले. तिनं लिहिलं, ‘पोचले.’